धावता प्रकाशबिंदू

दिवाळीत मुले पेटलेली फुलबाजी हातात धरून गरगर फिरवतात, तेव्हा अंधारात प्रकाशाचे एक अखंड वर्तुळ दिसू लागते. वस्तुतः तेथे वर्तुळ नसते. असते ते फिरणारे एकच जळते टोक. डोळ्यांत उमटलेला प्रकाशाचा ठसा क्षणभर टिकतो. तो पुसण्यापूर्वीच ते टोक पुन्हा त्याच जागी येते, आणि वर्तुळाचा भास होतो. जुन्या दूरचित्रवाणी संचावरील चित्र हाही असाच एका धावत्या बिंदूचा खेळ होता.

या संचाचा प्राण म्हणजे त्यातील काचेची चित्रनलिका. अशा नलिकेचा आद्य नमुना कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये तयार केला. नरसाळ्याच्या आकाराची ही नलिका आतून निर्वात असे. तिच्या निमुळत्या टोकाशी तापविलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत आणि हजारो व्होल्टच्या दाबामुळे पडद्याकडे वेगाने ओढले जात. पडद्याच्या आतल्या बाजूस विशिष्ट द्रव्याचा लेप असे. इलेक्ट्रॉनांचा झोत जेथे आदळे, तेथे तो लेप चमकून उठे.

नलिकेच्या मानेभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी बसविलेली असत. त्यांतून वाहणाऱ्या प्रवाहाचे चुंबकीय बल झोताला हवे तसे वळवी. वाचकाची दृष्टी जशी ओळीमागून ओळ वाचीत खाली येते, तसा हा झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली धावे. भारतात चित्राच्या ६२५ रेषा असत. आधी विषम आणि मग सम क्रमांकाच्या रेषा रेखून सेकंदाला २५ चित्रे पुरी होत. झोत प्रबळ झाला की बिंदू उजळे. क्षीण झाला की मंदावे. अशा रीतीने संपूर्ण चित्र पडद्यावर एकाच क्षणी कधीही उजळत नसे. त्याला पूर्णत्व देई तो पाहणाऱ्याचा डोळा!

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर ज्या घरांत असे संच आले, तेथे त्यांच्या नाना लहरीही परिचयाच्या झाल्या. झोताच्या फेऱ्या प्रक्षेपणाच्या तालाशी जुळल्या नाहीत, की चित्र वर वर सरकू लागे. संचातून एक बारीक शीळ निघे. ती सेकंदाला १५,६२५ कंपनांची असल्याने मुलांना ऐकू येई, पण पुष्कळ वृद्धांना येत नसे. संच बंद करताच झोत वळविणारी वेटोळी थांबत. मात्र ऋणाग्र अजून तप्त असल्याने कित्येक संचांत मध्यभागी एक शुभ्र ठिपका काही क्षण रेंगाळे. रंगीत पडद्याजवळ लोहचुंबक नेल्यास झोत भलत्याच रंगाच्या ठिपक्यांवर पडत आणि पडद्यावर डाग उमटे.

प्रक्षेपण नसताना पडद्यावर ‘मुंग्या’ दिसत. अँटेनाने टिपलेल्या आणि संचातच उपजलेल्या विस्कळीत विद्युत्‌-लहरींमुळे त्या उमटत. त्या लहरींचा अत्यल्प अंश सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वीच्या विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारणाचा असे. हे प्रारण सापडल्याचे १९६५ मध्ये जाहीर झाले.

आता सपाट पडद्यांनी या अवजड संचांची जागा घेतली आहे. तथापि माळ्यावर पडलेला असा संच कोणीही उघडू नये. बंद केल्यानंतरही त्यात घातक विद्युत्‌-भार साठून राहू शकतो, निर्वात नलिका फुटल्यास काचा उडतात, आणि त्या काचेत शिसेही असते. तो कचऱ्यात न टाकता जुनी विद्युत्‌-उपकरणे स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावा.

लोक संचावर थाप मारीत आणि त्याला खोडकर म्हणत. परंतु सरकते चित्र, बारीक शीळ आणि रेंगाळणारा ठिपका या निव्वळ खोड्या नव्हत्या. बंद पेटीत काय चालले आहे, हे जिज्ञासूला सांगणाऱ्या त्या खुणा होत्या.