उजव्या मनगटातून हृदयाकडे

अँजिओग्राफी करून घरी आलेल्या माणसाच्या मनगटावर हल्ली एक छोटी पट्टी असते, आणि भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, ‘तपासलं हृदय आणि टोचलं हाताला?’ प्रश्न रास्त आहे. मनगटातल्या धमनीतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, आणि ती वाट समजायला हृदयापासून सुरुवात करावी लागते.

हृदयाच्या डाव्या बाजूने महाधमनी वर निघते, कमानीसारखी मागे वळते आणि पाठीच्या कण्यालगत खाली उतरते. तिच्या अगदी पहिल्या शाखा खुद्द हृदयासाठीच असतात. झडपेच्या लगेच वर त्या फुटतात, त्यांनाच आपण कॉरोनरी म्हणतो. त्यानंतर कमानीच्या माथ्यावरून तीन मोठ्या धमन्या निघतात. त्यातली पहिली ब्रॅकिओसेफॅलिक. ही थोडं अंतर जाऊन दुभंगते, एक शाखा मानेकडे आणि एक उजव्या हाताकडे. डाव्या बाजूला असा सामाईक कारभार नाही. तिथे मानेची कॅरॉटिड आणि हाताची सबक्लेव्हिअन दोघी थेट कमानीतून निघतात. बाहेरून आपण डावे-उजवे सारखे दिसतो, आत तसं नसतं.

हाताकडे निघालेली सबक्लेव्हिअन कॉलरबोनच्या मागून पहिल्या बरगडीवर येते. त्या बरगडीची बाहेरची कड ओलांडली की तिला ॲक्सिलरी म्हणायचं. काख संपून दंड सुरू झाला की ब्रॅकिअल. कोपराच्या जरा खाली तिचे दोन भाग होतात, अंगठ्याच्या बाजूची रेडिअल आणि करंगळीच्या बाजूची अल्नर. भीमेला पंढरपुरात चंद्रभागा म्हणावं तसा हा प्रकार. नळी एकच, नावं मात्र हद्दीप्रमाणे बदललेली. वैद्यकीचे विद्यार्थी या पाठांतराला वैतागतात. पण या हद्दी आखणाऱ्यांनी निव्वळ हौस भागवली असं मला वाटत नाही. सबक्लेव्हिअन आणि ॲक्सिलरी या दोघींच्या शाखा खांद्यामागच्या पसरट हाडाभोवती एकमेकींना मिळतात. त्यामुळे दोन्हींच्या मध्ये कुठे अडथळा आला, तर रक्त आडवाटेने हातापर्यंत पोचू शकतं. जखमी हातावर शस्त्रक्रिया करणाऱ्याला धमनी कोणत्या शाखेच्या वर बांधायची हे माहीत असावं लागतं, आणि ती जागा त्याला ही नावंच सांगतात. ब्रॅकिअल तर आपल्या रोजच्या ओळखीची. रक्तदाब मोजताना बेटकुळीच्या खालच्या स्नायुबंधाच्या आतल्या अंगाला स्टेथोस्कोप टेकवतात, तो हिच्यावरच.

आता रेडिअल. मनगटाशी ती कातडीच्या लगेच खाली आणि हाडाच्या अगदी वर असते. म्हणून नाडी तिथे लागते. नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्यांची तीन बोटंही तिथेच टेकतात. हृदयरोगतज्ज्ञाला या जागेचा फायदा वेगळ्या कारणाने होतो. धमनीतून नळी काढून घेतली की रक्त थांबवायला हवं, आणि इथे ते हाडावर दाबून सहज थांबतं. नळी घालायची जुनी जागा म्हणजे जांघेतली फीमोरल धमनी; ती जाड आणि खोल असते. तिथून रक्त आतल्या आत पोटाच्या मागच्या बाजूला झिरपलं, तर वरून लवकर कळतही नाही. शिवाय जांघेतून तपासणी झालेल्या रुग्णाला बरेच तास पाय न हलवता पडून राहावं लागतं.

समजा मनगटातली धमनी बंद पडली, तर तळव्याचं काय? तळव्यात रेडिअल आणि अल्नर कमानी करून एकमेकींना मिळतात, त्यामुळे बहुतेकांचा हात एकीवर तगतो. दोन्ही धमन्या दाबून तळवा पांढरा करायचा, मग एकच सोडून तो किती वेळात लाल होतो ते पाहायचं, या चाचणीचं मूळ रूप अमेरिकेतल्या एडगर ॲलन यांनी १९२९ मध्ये मांडलं. कॅनडातल्या लुसिआं कांपो यांनी १९८९ मध्ये मनगटातून केलेल्या शंभर अँजिओग्राफींचा अनुभव प्रसिद्ध केला आणि १९९२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या फर्डिनांड कीमेनेइ यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. तरी जांघेची सवय सुटायला वेळ लागला. २०१५ साली मॅट्रिक्स या आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात मनगटाच्या वाटेने रक्तस्राव कमी होतो असं दिसलं, आणि त्याच वर्षी युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांनी या वाटेला पसंती दिली.

वाट सोपी आहे असं मात्र नाही. धमनीचा व्यास दोन-तीन मिलिमीटर, आणि आत जाणारी नळी साधारण दोन मिलिमीटरची. धमनीच्या भिंतीत स्नायू भरपूर. टोचलं की ती आक्रसते, नळी घट्ट धरून ठेवते आणि हात दुखतो. म्हणून सुरुवातीलाच धमनी सैल करणारं औषध सोडतात. पुढे काहींच्या कोपराजवळ रेडिअलचा पूर्ण वेढा असतो, वयस्कर माणसांची सबक्लेव्हिअन नागमोडी झालेली असते. शंभरातल्या एखाद्याच्या शरीरात, किंवा त्याहून कमी जणांत, तर उजवी सबक्लेव्हिअन मुळी ब्रॅकिओसेफॅलिकमधून फुटतच नाही. कमानीची शेवटची शाखा म्हणून ती डावीकडून निघते आणि बहुधा अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे येते. अशा माणसाला कधी घास गिळायला त्रास होतो; बहुतेकांना आयुष्यभर काहीच जाणवत नाही. नळीला वाट दाखवणारी डॉक्टरांची तार मात्र हृदयाकडे वळण्याऐवजी पुन्हापुन्हा खाली उतरणाऱ्या महाधमनीत घसरते, तेव्हा हा प्रकार लक्षात येतो.

या बारीक धमनीवर हक्क सांगणारे आणखी दोघे आहेत. बायपास करणारे सर्जन कधी रेडिअल काढून हृदयावर जोडतात, आणि एकदा नळी घातलेली रेडिअल त्यांना सहसा नको असते. आतलं अस्तर दुखावलेलं असू शकतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांत डायलिसिससाठी हीच धमनी मनगटाशी शिरेला जोडून फिस्टुला करतात. या दोन्ही कामांसाठी शक्यतो कमी वापराचा हात, म्हणजे बहुतेकांचा डावा, निवडला जातो. अँजिओग्राफी करणारे डॉक्टर रुग्णाच्या उजव्या बाजूला उभे राहतात, म्हणून त्यांना उजवा हात सोयीचा. तेव्हा डायलिसिसची शक्यता असलेल्या रुग्णाने कोणत्याही मनगटात नळी जाण्याआधीच हृदयाच्या डॉक्टरांना तसं सांगायला हवं.