अलंकारातील ‘अलम्’

पंढरपुरी आषाढी यात्रेच्या दिवसांत श्रीविठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. शेजारती नाही, निद्रा नाही. देव अहोरात्र भक्तांसाठी उभा. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होऊन नित्योपचार पूर्ववत सुरू होतात. देवापुढे मांडणे ही जशी सेवा, तशी काढून ठेवणे हीही सेवाच, हे वारकऱ्यास निराळे सांगावे लागत नाही. हाच विवेक वसईच्या कॅथलिक मंदिरांतही नांदतो, म्हणून त्याचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

१९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनऐवजी मराठी ही तेथील उपासनेची भाषा झाली. त्यांचे उपासनावर्ष नाताळापूर्वीच्या आगमनकाळाने सुरू होते. तेव्हा धर्मगुरूंचा झगा जांभळा आणि वेदीवरील फुले मोजकी. नाताळात वस्त्र शुभ्र, सामान्य काळात हिरवे. पुढे भस्म बुधवारी गतवर्षीच्या आशीर्वादित झावळ्यांचे भस्म भाविकांच्या कपाळी लागते आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ येतो. वसई ही चाफ्या-मोगऱ्याची भूमी. तरीही या दिवसांत वेदी बहुधा पुष्पहीनच असते.

ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी रात्री तर वेदीची वस्त्रेही उतरवितात आणि घंटा शनिवारच्या रात्रीपर्यंत मौन धरते. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर तिकडून आलेली एक घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे. तिचा प्रचंड आकार ज्यांनी पाहिला, त्यांस अशा घंटेचे मौन केवढे असेल याची कल्पना येईल. शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी चेतवितात, त्यावर मोठी मेणबत्ती उजळतात. मग घंटानाद, फुले आणि शुभ्र वस्त्रे! हा दिवसही चंद्रावरूनच ठरतो. २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर.

या शोभेमागे अबोल कष्ट असतात. सांडलेले मेण खरवडावे, पितळी दीप घासावेत, वेदीवस्त्रे धुवावीत. ज्या वस्त्रावर प्रसादाची भाकर ठेवलेली असते, त्याच्या धुण्याचे पहिले पाणी मोरीत सोडीत नाहीत, मातीत ओततात. निर्माल्य पायदळी पडू न देणाऱ्या आमच्या गृहिणींस यातील भाव तत्काळ कळेल.

‘अलंकार’ या शब्दात ‘अलम्’ आहे. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे. आणि संस्कृतात तोच शब्द ‘आता पुरे’ असेही बजावतो. सजविणे आणि थांबणे, दोन्ही एकाच शब्दात सामावली आहेत. पहूरपासून पंढरपूरपर्यंत अनेक देव्हाऱ्यांवर आज प्लॅस्टिकची फुले आणि विजेच्या माळा बारमाही झळकतात. रोजच सण दिसू लागला, तर सण आला हे घरातील मुलास कळावे कशाने? तेव्हा उत्सव संपताच मखर उतरवावे, समई घासावी, देवापुढे एकच ताजे फूल ठेवावे. पुढील सणाची ओढ त्या रिकाम्या जागेतूनच लागत असते.