छरमा, बोराटी आणि रानटी मुळं

केंदूरला पाऊस कमी का, हे शिरूर तालुक्यातलं शाळकरी पोरही सांगेल: ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. लडाखचं दुखणं तेच, फक्त तिथे आडवा येतो हिमालय. शिरूरला वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या घरात तरी पडतो; लेहला जेमतेम 100. शिवाय हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत घसरतो. अशा मुलखात, नदीकाठच्या रेताडात, सी-बकथॉर्न हे काटेरी झुडूप तगून आहे. लाहौल-स्पितीत त्याला छरमा म्हणतात.

त्याच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवतात, त्यामुळे खताविना निभतं. जमिनीखालून पसरणारे फुटवे वाळू धरून ठेवतात. लहानशा केशरी फळात संत्र्याच्या कैकपट क जीवनसत्त्व असतं. तिबेटी वैद्यकात ते खोकल्यावर आणि पचनासाठी देतात. बाटलीवर ‘सर्व रोगांवर गुणकारी’ छापणाऱ्यांचं मात्र मनावर घेऊ नये. डीआरडीओच्या लेहमधल्या संस्थेनं रसाचं पेय बनवलं, 2023मध्ये लडाखच्या फळाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण फळ काढायचं कसं? काट्यांमुळे हातानं खुडणं जिकिरीचं, म्हणून फांद्या काठीनं झोडतात; घाईत फांदीच छाटली जाते. फळ धरतं आदल्या वर्षीच्या फुटीवर, त्यामुळे छाटलेल्या फांदीबरोबर पुढचा बहरही जातो.

मग लागवड करावी, तर नर आणि मादी झाडं वेगळी. बियांपासून केलेलं रोप नर की मादी, हे तीन-चार वर्षांनी फुलल्यावरच कळतं. म्हणून छाट कलमं लावतात आणि साधारण सहा-आठ माद्यांमागे एक नर ठेवतात. परागण वाऱ्यावर होतं. अडचण अशी, की एका झाडाची सगळी कलमं गुणांनी सारखीच. एखादी कीड एकाला भोवली तर सगळ्यांना भोवते. कमी काट्यांचं, मोठ्या फळांचं किंवा चिवट झाड पुढे शोधायचं झालं, तर ते नदीकाठच्या रानटी जाळ्यांतच सापडणार.

छरम्याची रोपं इकडे आणायच्या भानगडीत कोणी पडू नये; केंदूरचा उन्हाळा त्याला मानवणार नाही. आपल्याकडचा त्याचा जोडीदार म्हणजे बोर. उमराण बोराची बाग करताना आधी गावठी बोराचं बी जागेवरच रुजवतात आणि नंतर त्यावर उमराणचा डोळा भरतात, कारण कोरड्या मुरमात खोल जाणारी मुळं गावठीचीच. आणि बांध साफ करायला जेसीबी आला, की पहिली उपटली जाते ती बोराटीच.