सुट्टीत वाचन का आटतं?

१ मेला निकाल लागतो आणि कबनूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात मुलांची सुट्टी सुरू होते. जूनमध्ये त्यांतली काही मुलं जोडाक्षरांपाशी अडखळतात. असं का?

सराव असला की शब्द पाहताक्षणी ओळखू येतो, लक्ष अर्थाकडे राहतं. सराव तुटला की सारं लक्ष अक्षरं जुळवण्यात जातं. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरते. अमेरिकेत हॅरिस कूपर यांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. सुट्टीत गरीब घरांतल्या मुलांचं वाचन मध्यमवर्गीय मुलांपेक्षा जास्त मागे पडलं होतं. घरी पुस्तक असणं-नसणं हे त्याचं एक कारण असावं.

मग शाळेच्या कपाटाला सुट्टीभर कुलूप कशाला? निकालपत्रकासोबत प्रत्येकाला त्यानं स्वतः निवडलेली दोन पुस्तकं द्या. एखादं फाटेल, हरवेल. कुलपात मात्र सगळीच वाया जातात.