रिचार्जचा तेरावा महिना

तुमच्या रिचार्जची किंमत सरकार ठरवत नाही. ती कंपनीच ठरवते; नवा प्लॅन आणला की सात कामकाजी दिवसांत दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ‘ट्राय’ला, कळवायचं आणि मोकळं व्हायचं. मग १९९७ साली स्थापन झालेली ही ट्राय करते तरी काय? बघा, तुमच्या फोनमध्ये तिचे हात कुठेकुठे पोचलेत!

करावे तसे भरावे
३१ जुलै १९९५. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला. तेव्हाचा दर मिनिटाला ८ रुपये ४० पैसे, गर्दीच्या वेळी दुप्पट. वर फोन घेणाऱ्यालाही मीटर चालू! नाव बघून फोन कापणारे कंजूष नव्हते, हिशेबी होते. १ मे २००३ पासून ‘कॉल करेल तो भरेल’ हा नियम आला आणि इनकमिंग फुकट झालं. महाराष्ट्र दिनाची ही भेट साऱ्या देशाला मिळाली.

पैशापैशाचा टोलनाका
तुमचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला गेला, की तुमची कंपनी त्या कंपनीला टोल द्यायची. हा टोल ट्राय ठरवायची. २००९ मध्ये मिनिटाला २० पैसे, २०१५ मध्ये १४, २०१७ मध्ये ६ आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. आजच्या ‘अनलिमिटेड’च्या वाटेवरचा नाका असा उठला.

रिंगवरून रणकंदन
टोल ६ पैशांवर असतानाची गंमत. कंपनीने आपल्या ग्राहकाच्या कॉलची रिंग लवकर बंद केली की कॉल ‘मिस्ड’ होतो, समोरचा उलट फोन करतो आणि टोल आपल्याकडे येतो! त्यावरून कंपन्या हातघाईवर आल्या. अखेर २०१९ मध्ये ट्रायने घड्याळ लावलं: कुणी उचललं किंवा कापलं नाही, तर मोबाइल ३० सेकंद वाजणार, लँडलाइन ६०.

स्वस्त विकाल तर खबरदार
दर वाढू नयेत म्हणून नियम असतात ना? इथे उलटं झालं. जाहिरातींच्या एसएमएसचा उच्छाद आवरायला २०१२ मध्ये ठरलं की एका सिमवरून दिवसात शंभराच्या वर गेलेल्या प्रत्येक एसएमएसला किमान ५० पैसे घ्यायचेच. २०२० मध्ये हा नियम काढून टाकला.

फुकटही नको
८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने बजावलं: कोणती वेबसाइट उघडली यावरून इंटरनेटचा दर बदलायचा नाही. मोडाल तर दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये दंड. निवडक साइट फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ला भारतातून गाशा गुंडाळावा लागला.

ट्रायचाही कॉल कटला
आपल्या नेटवर्कमुळे कॉल तुटला तर कंपनीने ग्राहकाला एक रुपया द्यावा, दिवसाला तीन कॉलपर्यंत, असं ट्रायने म्हटलं होतं. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियमच रद्द केला.

अधिक मास, दरवर्षी
पंचांगात अधिक मास साधारण तीन वर्षांनी येतो. रिचार्जचा दरवर्षी येतो! ‘महिन्याचा’ म्हणून मिळणारा प्लॅन २८ दिवसांचा; २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. बारा महिन्यांच्या वर्षात तेरा रिचार्ज. ग्राहकांनी कुरकुर केली, तेव्हा २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा किमान एक प्लॅन ठेवायला लावलं. २८ दिवसांचे प्लॅन मात्र बंद केले नाहीत.

आजीचा प्लॅन
बटणांचा फोन वापरणाऱ्या आजीला रोजचा दीड जीबी डेटा कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक देणं बंधनकारक केलं. अशा पॅकची मुदतही ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते.

तीस दिवसांचे आणि आजीचे हे प्लॅन यादीत वर दिसतीलच असं नाही. पुढचा रिचार्ज मारण्याआधी जरा खालपर्यंत जा. दुकानदाराला विचारताना ‘महिन्याचा’ म्हणू नका, ‘तीस दिवसांचा’ म्हणा.