मुळांचे शत्रू आणि मुळांचे मित्र

मातीवाचून पाण्यात वाढविलेल्या भाजीला मुळांचे रोग होणारच नाहीत, असा समज सहज होतो. परंतु तो खरा नाही. पालक, लेट्यूस यांसारख्या पालेभाज्या पोषक द्रावणात वाढत असता त्यांची पांढरी मुळे कधीकधी तपकिरी व बुळबुळीत होतात आणि भरपूर पाणी असूनही पाने कोमेजतात. या मूलकुजीस पुष्कळदा पिथियम नावाचे सूक्ष्म जीव कारणीभूत असतात.

पिथियम दिसण्यात कवकासारखा; वंशाने मात्र तो तपकिरी शैवलांना अधिक जवळचा आहे. त्याची बीजुके पाण्यात पोहतात आणि मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांचा माग काढीत मुळांना जाऊन चिकटतात. तेच द्रावण सर्व रोपांखालून पुन्हा पुन्हा फिरत असल्यामुळे एका रोपाचा रोग पाहता पाहता साऱ्या पिकाचा होतो.

पालेभाजी पुष्कळदा कच्चीच खाल्ली जाते; म्हणून विषारी औषधांऐवजी जैविक उपाय शोधणे अगत्याचे ठरते. त्यांपैकी पहिला उपाय म्हणजे मुळांना भरपूर प्राणवायू देणे. २० अंश सेल्सिअस तापमानास एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमच उरतो. गुदमरलेले मूळ रोगास लवकर बळी पडते. यास्तव द्रावण थंड ठेवून त्यात हवा खेळवावी. तथापि पिथियमच्या काही जाती थंड पाण्यातही रोग घडवितात. तेव्हा एवढ्यावर विसंबून चालत नाही.

दुसरा उपाय वाळूच्या मंद गाळणीचा. लंडन शहराच्या पाण्यासाठी जेम्स सिम्प्सन यांनी १८२९ साली चेल्सी येथे अशी गाळणी उभारली होती. तिच्या दर चौरस मीटरमधून तासाला १०० ते ३०० लिटर द्रावण सावकाश झिरपते. वाळूवर व वाळूच्या कणांभोवती उपकारक सूक्ष्म जीवांचा थर जमतो. हा जिवंत थरच रोगबीजांचा पुष्कळसा नाश करतो.

तिसरा उपाय मुळांशी मित्रजीवांची वस्ती करविण्याचा. ट्रायकोडर्मा हे कवक शत्रूच्या तंतूंवर उपजीविका करते. बॅसिलस सबटिलिस हा जीवाणू मुळांवर आधीच ठाण मांडून शत्रूस रोखणारी द्रव्ये निर्माण करतो. मात्र द्रावणात क्लोरिनसारखे तीव्र जंतुनाशक मिसळल्यास शत्रूंबरोबर हे मित्रही मरतात.

कुजलेले मूळ पुन्हा सजीव होत नाही. म्हणून रोगट रोपे तत्काळ काढून टाकावीत आणि मित्रजीवांची योजना रोपे निरोगी असतानाच करावी.