पहिल्या सत्राचा हिशेब

धनादेश खात्यात भरला म्हणजे रक्कम हाती आली, असे बँकेत काम केलेला कोणताही मनुष्य मानीत नाही. समोरच्या बँकेने तो वटविला पाहिजे. अमेरिकेत एका महाविद्यालयात शिक्षण आरंभून पुढे दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या ‘युनिटां’चेही तसेच असते. युनिट म्हणजे अभ्यासक्रमाचा भार मोजण्याचे तेथील माप. ते मिळविणे विद्यार्थ्याच्या हाती. ते वटणे मात्र त्याला जेथे जायचे आहे त्या विद्यापीठाच्या हाती. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे कॅलिफोर्नियात स्थिरावली आहेत. त्यांची मुले आता महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर आहेत आणि इकडे आजी-आजोबांशी बोलताना ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द किंचित दबक्या आवाजात उच्चारला जातो.

आवाज दबका करण्याचे वस्तुतः कारण नाही. त्या राज्याने १९६० मध्ये उच्च शिक्षणाची जी बृहद्-योजना आखली, तिच्यात दोन वर्षांच्या महाविद्यालयातून विद्यापीठात जाण्याचा मार्ग जाणीवपूर्वक ठेवलेला आहे. आज तेथे अशी ११६ महाविद्यालये आहेत. राज्यातील रहिवासी विद्यार्थ्याला प्रत्येक युनिटमागे ४६ डॉलर शुल्क पडते. ६० युनिटांचे २,७६० डॉलर झाले. पुस्तके व किरकोळ आकारणी वेगळी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे एका वर्षाचे शिक्षणशुल्कच याच्या कित्येक पट असते, आणि पदवीपत्रावर नाव अखेर विद्यापीठाचेच येते. व्यापारी घराण्यांना याहून अधिक काय सांगावे?

परंतु हा मार्ग स्वस्त असला तरी सैल नाही. पहिले सत्र ऑगस्टमध्ये सुरू होऊन डिसेंबरात संपते. विद्यापीठाचा प्रवेश-अर्ज भरायचा तो पुढच्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्या वेळी विद्यार्थ्याजवळ पूर्ण झालेली सत्रे केवळ दोन असतात. उन्हाळी वर्ग केला असल्यास तेवढी भर. तिसऱ्या सत्राचे गुण नंतर, जानेवारीत कळवावे लागतात. म्हणजे अर्जावर दिसणाऱ्या गुणांपैकी जवळजवळ निम्मे त्या बावरलेल्या पहिल्या सत्राचे असतात. ‘आधी रुळू दे, मग पाहू’ हा आपला प्रेमळ सल्ला येथे महाग पडतो.

निवडीचा आरंभ गणितापासून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अभियांत्रिकी, संगणकशास्त्र किंवा भौतिकशास्त्र यांकडे जायचे असेल तर कॅल्क्युलसचे तीन भाग आणि त्यापुढे रेखीय बीजगणित वा अवकल समीकरणे अशी साखळी असते. एका कडीवाचून पुढची घेता येत नाही. सत्रे चार आणि कड्याही किमान चार! पहिल्याच सत्रात कॅल्क्युलस न घेता आधीच्या पायरीवर बसले, तर ती कडी उन्हाळ्यात भरून काढावी लागते किंवा एक वर्ष लांबते. यांत्रिकीचे भौतिकशास्त्रही सहसा कॅल्क्युलसचा पहिला भाग झाल्यावरच मिळते. शिवाय वाणिज्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक वेगळे, हलके कॅल्क्युलस असते. नाव सारखे दिसले तरी अभियंत्याच्या साखळीत ते बसत नाही. ज्याचा निश्चय अद्याप व्हायचा आहे, त्याने जड गणित घ्यावे. पुढे विचार बदललाच, तर वरून खाली येणे तुलनेने सोपे असते.

दुसरा विषय इंग्रजी लेखनाचा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला असे दोन अभ्यासक्रम हवेतच आणि दुसरा पहिल्यावर अवलंबून असतो. त्यामुळे पहिला लगेच उरकावा. उरलेल्या जागेत सामान्य शिक्षणाचा एखादा विषय घ्यावा. २०२५ च्या शरद सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘कॅल-गेटसी’ नावाची एकच यादी लागू झाली असून तिच्यात ११ अभ्यासक्रम, किमान ३४ युनिटे आहेत. मात्र विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ही यादी पूर्ण करण्याच्या मागे लागून मुख्य विषयाचे अभ्यासक्रम मागे टाकू नयेत. सामान्य शिक्षणाचे काही विषय विद्यापीठात गेल्यावरही घेता येतात. राहिलेले गणित मात्र प्रवेशच अडवू शकते.

आता थोडी आकडेमोड. ६० युनिटे चार सत्रांत म्हणजे सत्रास १५. तेथे १२ युनिटे घेणारा ‘पूर्णवेळ’ समजला जातो आणि पालक निर्धास्त होतात. पण १२ गुणिले चार ४८. बारा युनिटांची तूट उन्हाळ्यात भरावी लागते. भारतातून विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्यांना तर १२ च्या खाली उतरण्याची मुभाच पूर्वसंमतीशिवाय नाही, आणि त्या बारांत ऑनलाइन वर्ग एकच, फार तर तीन युनिटांचा, धरला जातो. त्यांनी अगदी १२ वर बेतू नये. एखादा वर्ग अवघड जाऊन सोडावा लागला तर प्रश्न केवळ गुणांचा राहत नाही. त्यांचे शुल्कही वरच्या ४६ डॉलरांच्या कित्येक पट असते, हे ध्यानात असावे.

आमच्या नात्यातील एका मुलीने संगणकशास्त्राचा मानस धरून अशा महाविद्यालयात प्रवेश घेतला. वडिलांनी उत्साहाने गणित, भौतिक, रसायन, प्रोग्रॅमिंग आणि इंग्रजी अशी भरगच्च यादी केली. भाव एकच, पोरीने लवकर ‘खऱ्या’ विद्यापीठात जावे. मुलीने शांतपणे रसायन व भौतिक काढले, मानसशास्त्र घातले, आणि म्हणाली, “बाबा, रसायन त्या विभागाला नकोच आहे, मी पाहिले.” मला तिचे ‘मी पाहिले’ फार आवडले.

पाहण्याची जागा म्हणजे ‘असिस्ट’ ही राज्याची सार्वजनिक सेवा. कोणत्या महाविद्यालयाचा कोणता अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठात, कोणत्या मुख्य विषयासाठी चालतो, हे तेथे वर्षवार नोंदलेले असते. एकाच विषयासाठी दोन विद्यापीठांच्या मागण्या भिन्न असू शकतात. म्हणून तीन-चार विद्यापीठांची पाने शेजारी ठेवून जे सर्वांत सामाईक आहे ते पहिल्या सत्रात घ्यावे. शाळेत ‘एपी’ परीक्षेत कॅल्क्युलस उत्तीर्ण झालेल्याने तोच भाग पुन्हा घेतला, तर त्याची युनिटे दोनदा मिळत नाहीत, हेही तपासावे.

राज्याबाहेरच्या वा खासगी विद्यापीठांशी असे करार पुष्कळदा नसतात. तेथे प्रत्येक अभ्यासक्रम त्याच्या तपशिलावरून पारखला जातो. त्यासाठी प्राध्यापक पहिल्या आठवड्यात जी अभ्यासक्रम-पत्रिका देतात, ती पहिल्या सत्रापासून वेगळ्या फायलीत ठेवावी. दोन वर्षांनी ती मागितली जाते, आणि तोवर त्या प्राध्यापकांनी महाविद्यालय सोडलेलेही असू शकते.